भुवईपर्यंत आलेली नात

बिघाड म्हटला की ज्याच्या तोंडाला पाणी सुटतं असा माणूस आख्ख्या खानदेशात एकच, आणि तो माझा मेव्हणा. दुसरा कोणी असलाच तर तो यानेच शोधून काढलेला असणार. दीपनगरच्या वीजकेंद्रात याचा उभा जन्म तारा तपासण्यात गेला. नोकरी संपली तसा कॉलनीतलं क्वार्टर सोडून धुळ्याला, देवपुरात, आमच्याच गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिला. तपासणी मात्र चालूच. कुणाकडे चहाला गेला तर कप हातात घेऊन आधी वर पंख्याकडे बघणार. पंखा डुगडुगत असला की स्वारी खूश, नीट फिरत असला की चहा बेचव. नुसता बिघाड सापडून त्याचं भागायचं नाही. तो कुणामुळे झाला हे चार लोकांत मोठ्याने सांगितल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. पारोळ्याला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माइक सारखा बंद पडायला लागला. हा अक्षता मुठीत धरून वायरीच्या मागोमाग वाकत वाकत निघाला, बायकांच्या घोळक्यातून, आचाऱ्याच्या कढईला वळसा घालून, आणि शेवटी भटजींच्या हातातला माइक घेऊन म्हणाला, "फॉल्ट नवऱ्या मुलाच्या मामांच्या बुटाखाली आहे. मामा, पाय उचला." मामांनी पाय उचलला तो थेट बसस्टँडवर नेऊन ठेवला. त्यांना माघारी आणायला जीप पाठवावी लागली. एकदा शेतात भरिताची पार्टी होती. भरीत कडवट लागलं तर शहाणी माणसं मुकाट गिळतात. हा उठला, जाळाजवळ जाऊन राख हुंगली आणि पंगतीला विचारलं, "काड्या ओल्या होत्या. कुणी आणल्या?" आणल्या होत्या यजमानाच्या जावयाने, तेही नवीन जावयाने. तेव्हापासून त्या मळ्यात आम्हाला कुणी बोलावलं नाही.

असा माणूस घरात इंटरनेट घेऊन आला, म्हणजे मांजराने दुधाच्या डेअरीत बिऱ्हाड केलं. झालं असं की, माझी एकुलती एक लेक मस्कतला. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते झालं नाही, कारण माझी बायको अंथरुणाला खिळलेली. डिंक, खोबरं सगळं आणून ठेवलेलं, आणि लेक तिकडे परक्या मुलखात बाळंत झाली. मुलगी झाली. बायकोचा एकच धोशा, "माले पोरनं तोंड दखाडा." फोटो पोस्टाने निघाला होता, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पोस्टाच्या भरवशावर राहू नका. मी ते मेव्हण्याला सांगितलं. तो बराच वेळ खिशातला टेस्टर काढत राहिला, घालत राहिला. मग म्हणाला, "दाजी, तारेवरून आणू. अक्काला आपण तारेवरून नात दाखवू." आणि कुठून कुठून एक कॉम्प्युटर आणून आमच्या बाहेरच्या खोलीत टेबलावर बसवला, शेजारी बारक्या दिव्यांचा एक डबा ठेवून त्याला फोनची वायर जोडली.

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, पुढे जिनिंगवर मुकादमी केली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ते यंत्र फोन लावायला लागलं की कुणी कोंबडी पिरगाळतंय असा आवाज निघे, मग खरखर, मग शांत, आणि मग काच हळूहळू भरायला लागे. जावयाने ऑफिसातून धाडलेला फोटो वरून खाली येई, थेंबाथेंबाने, आमच्या नळासारखा. पहिल्यांदा दुपट्याची कड आली. मग जावळ आलं, काळंभोर. मग कपाळ. मी टेबल धरलं. भुवई उमटली आणि लाईन तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा दुपट्यापासून सुरू, पुन्हा जावळ, कपाळ, भुवई, आणि गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आत ही विचारायची, "उनी का?" मी म्हणायचो, "भुवईपर्यंत उनी." दोन दिवसांत आख्ख्या गल्लीला माहीत झालं. भाजी घ्यायला गेलं की शेजारची वहिनी कोथिंबीर निवडता निवडता विचारी, "नाना, नात कुठपर्यंत आली?"

मेव्हणा तर पेटलाच. कंपनीला तक्रार करायची तर फोन लागतो, आणि फोन उचलावा तर इंटरनेट बंद. म्हणजे दुखणं दाखवायला गेलं की दुखणं गायब. यावर त्याने तोड काढली. समोरच्या एसटीडी बूथमध्ये जाऊन तो कंपनीच्या माणसाशी बोलणार, मी खिडकीत उभा राहून आतलं वर्तमान ओरडून सांगणार. बूथवाल्या चाचांचं गिऱ्हाईक ताटकळत बाहेर, आणि हा आतून डोकं काढून सगळ्या देवपुराला ऐकू जाईल असा, "दाजी, डब्याचा कोणता दिवा लागलाय?"

"लाल."

"चमकतोय की नुसता लागलाय?"

"डोळे मिचकावतोय मेला."

मग फोनमध्ये, "साहेब, डोळे मिचकावतोय."

चाचा कपाळाला हात लावायचे. "अरे साहब, जरा हळू बोलो. कल एक गिऱ्हाईक मय्यतीची खबर देत होता, उसको समझा नाही के मेलं कोण, आदमी या डब्बा."

तिकडचा माणूस म्हणे डबा बंद करून चालू करा. केला. वायर काढून घाला. घातली. शेवटी तो कंटाळून म्हणाला, तुमच्या लाईनीतच काहीतरी आहे. हे वाक्य मेव्हण्याला पेढ्यासारखं लागलं. त्याने शिडी मागवली. आधी संशय गच्चीवरच्या पतंगाच्या मांजावर, मग खांबावर बसणाऱ्या कावळ्यांवर. कावळ्यांसाठी थाळी वाजवायला त्याने मला उन्हात बसवलं. मग संशय शेजारच्या मिक्सरवर. गल्लीतल्या बायांना त्याने बजावलं, दुपारी आमचा फोटो उतरत असेल तोवर मिक्सर लावायचा नाही. शेजारची वहिनी म्हणाली, "भाऊ, तुमच्या नातीपायी आम्ही पुन्हा पाट्यावर चटणी वाटायला लागलो. मोठी झाली की सांगा तिला." पण वाटली हो त्यांनी. दुपारी आख्खी गल्ली पाटा घासत बसलेली असे. मी थाळीवर, चाचा बूथच्या दारात, आणि नात भुवईवर.

सातव्या का आठव्या दिवशी त्याने ठरवलं की बिघाड आतल्या खोलीत असला पाहिजे. लेकीचा फोन आला तर उठावं लागू नये म्हणून त्याच वायरीवरचा दुसरा फोन आम्ही हिच्या उशाशी ठेवला होता. वायरीचा सांधा तिच्या खाटेमागे. मी कॉम्प्युटरपाशी बसलो, हा टेस्टर घेऊन अनवाणी आत गेला, अक्काची झोप मोडू नये म्हणून. कोंबडी ओरडली, खरखर झाली, जावळ आलं, कपाळ आलं. भुवई आली आणि मी ओरडलो, "गेली रे." मी दारात जाऊन बघतो तर हा खाटेमागे अर्धा वाकलेला, तसाच थिजलेला, आणि माझी बायको फोन कानाला लावून डोळे मिटून पडलेली.

तिने डोळे उघडले. भावाला बघून हसली. "पोर तारवरथून येस ना? म्हनीसन मी ऐकस रोज. नुसती खरखर येस. पोर काही बोलत नही."

मी मेव्हण्याकडे पाहिलं. हा माणूस नवऱ्या मुलाच्या मामांना सोडत नाही, नव्या जावयाला सोडत नाही. आता हिला काय बोलतो याची मला धास्ती. त्याने टेस्टर खिशात घातला. खाटेमागे हात घालून त्या फोनची वायर हलकेच उपसली आणि म्हणाला, "अक्का, तू ऐक. ऐकत राहा. आज बोलेल ती."

मग आम्ही दोघांनी तिच्यासकट खाट उचलली आणि बाहेर आणून टेबलाला भिडवली. तिच्या कानाला तो मुका फोन तसाच. यंत्र लागलं. दुपटं आलं. जावळ आलं, कपाळ आलं, भुवया आल्या. भुवईखालून एक बारीक काळी रेघ निघाली, मिटलेला डोळा, मग दुसरा. मेव्हण्याने माझा दंड असा आवळला की त्याची बोटं उठली. मग नाक.

"नाक तं मन्ही मायनं शे," ही म्हणाली, म्हणजे माझ्या सासूचं.

मग ओठ, हनुवटी, गळ्यातला काळा दोरा. खालपर्यंत आली आमची नात. ही बघत राहिली, आणि फोन कानाला धरून म्हणाली, "बोलनी. आते बोलनी." मेव्हण्याने खिडकीत जाऊन नाक शिंकरलं. खाली गल्ली जमलेलीच होती. चाचांनी विचारलं, "क्या साहब, फॉल्ट किधर मिला?"

"खांबावर," मेव्हणा ओरडला. "कावळ्यांनी सांधा सैल केला होता."

आयुष्यात त्याने बिघाडाचं नाव खोटं सांगितलं ते तेवढंच.

पुढच्या महिन्यात ही गेली. पोस्टाचा फोटो आला तेव्हा घरात दहाव्याची माणसं होती. लेक अजूनही फोटो धाडते. पोरगी आता बसते, पालथी पडते, दोन दात दाखवते. मेव्हणा दर रविवारी येतो आणि आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसतो. फोटो वरून सुरू होतो आणि सरळ खालपर्यंत उतरतो. लाईन एकदाही तुटत नाही. बिघाड नसला की याला करमत नाही हे मला माहीत आहे, पण अलीकडे फोटो भुवईपाशी आला की तो आतल्या खोलीच्या दाराकडे बघतो. मीही बघतो. मग फोटो पुढे सरकतो, आणि तो हळूच म्हणतो, "दाजी, लाईन लई चांगली चालते आजकाल."

मी म्हणतो, "हो ना."