वरचा बोल्ट आधी

…आणि येसूबाई काही केल्या जीपमधून उतरेना. काल तुम्हाला इथवर आणलं आणि आमच्या घरातून जेवायची हाक आली, म्हणून गोष्ट तिथंच राहिली. तर बघा, जीप दामूच्या अंगणात उभी. मागे बायका दाटीवाटीने बसलेल्या, मांडीवर पाट्या, पाट्यांत बोंबील, मांदेली, करंदी, वर ओलं फडकं. आणि ड्रायव्हर दामू जीपखाली आडवा, नुसते पाय बाहेर. तिकडे बोईसरचा बाजार भरून गेला, ऊन डोक्यावर आलं, आणि येसूबाई आतून ओरडते, "दाम्या, तू खाली निजला काय रं? इथं माझे बोंबील पन निजाय लागले!"

झालं होतं ते असं. अशा गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा एक लोखंडी गोळा असतो. त्याला डिफ्रेन्शल म्हणतात. इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून द्यायचं काम त्याचं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त धावायचं असतं, आतल्याला कमी, तर हा गोळा दोघांना सांभाळून घेतो, दोन भांडखोर पोरांच्या मधे आई निजते तसा. त्याच्या पोटात दाट तेल. ते जुनं झालं की बदलायचं. गोळ्याला बोल्ट दोन. खालचा काढला की जुनं तेल गळून जातं, वरच्यातून नवं भरायचं. खालच्याला चौकोनी दांडा लागतो, वरच्याला रिंगचा पाना. एकाचं काम दुसरा करत नाही.

दामू तेव्हा पोरगेला. बाजारच्या आधी तेल बदलून घेऊ म्हणाला आणि घाईघाईत खालचा बोल्ट खोलून बसला. तेल सगळं बाहेर. मग वरच्याला पाना लावला तर तो खाऱ्या वाऱ्याने गंजून असा बसलेला, की हलायचं नाव नाही. आता भरायचं कुठून? आणि कोरड्या गोळ्याने गाडी हलवली तर आतले दात एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे जीप जागची हलणार नाही आणि येसूबाई जीपमधून हलणार नाही.

शेवटी हलली कोण, तर तिची भाची. नलू नाव. डहाणूहून मावशीकडे आलेली. तिने पदर खोचला, पाट्या खाली घेतल्या, दामूच्या आईकडून मीठ मागितलं आणि अंगणातच मासळी साफ करायला बसली. बोंबील एकमेकांत अडकवून वलांडीवर टाकले. वलांडी म्हणजे आमच्याकडे बोंबील सुकवायला आडव्या बांबूंची मांडणी घालतात ती. संध्याकाळी दामू काळंठिक्कर तोंड घेऊन बाहेर आला, तेव्हा ही त्याच्याकडे न बघता म्हणाली, "वरचा आधी खोलून बघायचा ना. भरायची वाट हाय का नाय ते बघितल्याबिगर रिकामा कशाला करायचा?"

दामू पुढे आयुष्यभर सांगत राहिला, "माजं लगीन भटजीनं नाय, गंजल्या बोल्टानं लावलं."

तुम्ही विचाराल, मच्छिमाराच्या घरात ड्रायव्हर कसा निपजला? अहो, त्याला समुद्र लागायचा. बाप नावाजलेला तांडेल, होडीचा म्होरक्या, आणि पोरगा होडी खाडीच्या तोंडापर्यंत गेली की कडेला वाकून ओकायचा. बाप म्हणायचा, "मासे आपल्या जाळ्याला येतात ते याचं ओकलेलं खायाला येतात." दोन पावसाळे बघितलं आणि त्याला तारापूरच्या एका जीपवाल्याकडे किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून ठेवलं. तिथून तो जो चाकावर बसला, तो गुडघे धरेपर्यंत. गावच्या बायका, त्यांच्या पाट्या, त्यांची भांडणं, सगळं त्याने बोईसरला आणि पालघरला पोचवलं. त्याच्या जीपला असा वास, की बोईसरच्या नाक्यावर मांजरं तिची वाट बघत बसायची. एक बोका तर एकदा टपावर बसून गावापर्यंत आला आणि येसूबाईकडे राहिला तो राहिलाच.

दामूला एकच लेक, हिना. तिची शाळा घराला लागून, पण दुसरी शाळा जीपखाली. बाप आडवा झाला की ही बाजूला उकिडवी, हातात पाने. खालून आवाज येई, "रिंगचा!" ही रिंगचा देई. "दांडा!" ही दांडा देई. आणि आतून नलू चुलीपासून ओरडे, "वरचा आधी!" रोजच्या देवपूजेसारखं ते. हिनाला पाढे यायच्या आधी हे येत होतं. पुढे बापानेच तिला गाडी शिकवली, किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, आणि अख्खी आळी ओटीवर उभी राहून बघत होती. पोरीने पहिल्याच दिवशी माझं कुंपण पाडलं. मला ते नवं करायचंच होतं.

हिनाचं लग्न झालं वापीला. जावई दर्पण, मूळचा उमरगावकडचा, वापीत कंपनीत आहे. पोरगा सोन्यासारखा, पण पायाला चाकं. आल्या आल्या घड्याळ बघणार. नलू होती तोवर ते चालून जायचं. ती जावयाच्या चपलाच कुठंतरी ठेवून द्यायची आणि म्हणायची, "मिलल्या की जा." मग नलू गेली. आजाराचं निमित्त झालं आणि पावसाळा संपता संपता गेली.

आई आहे तोवर माहेर, असं आपल्यात म्हणतात ना, ते मी समोरच्या ओटीवर बसून रोज बघत होतो. हिना यायची. सणाला यायची, सुट्टीला यायची, बापासाठी डबे भरभरून आणायची. पण सकाळी यायची आणि दिवस मावळायच्या आत निघायची. आई गेल्यापासून त्या घरात एक रात्र राहिली नाही. दर्पणची पाळी, सासूचं औषध, हायवेवरची गर्दी, कारणं सगळी खरी. दामूने कधी 'राहा' म्हटलं नाही. त्याचं म्हणणं, "लेकीला राहा म्हटलं, आनि तिला नाय जमलं, तर ती वाटभर रडत जाईल. कशाला?"

तो म्हणायचा नाही, पण करायचा. हिना येणार असली की आदल्या दिवशी पेटीतून एक गोधडी काढायचा. नलूच्या जुन्या लुगड्यांची, हिरवी आणि जांभळी. ती वलांडीवर बोंबलांच्या शेजारी उन्हात टाकायचा. आमच्या आळीत कोणाला फोन करून विचारायची गरजच नाही. गोधडी उन्हात दिसली की हिना येणार. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडीची धूळ खाली बसली, की दामू ती गोधडी न उलगडता, घडीवर घडी घालून परत पेटीत ठेवायचा. त्या गोधडीला बोंबलांचा वास चढला होता, पण पाठ कोणाची लागली नव्हती.

गेल्या होळीच्या आधीची गोष्ट. रविवार होता. गोधडी वलांडीवर होतीच. हिना आणि दर्पण त्यांची बोलेरो घेऊन आले. गाडी अंगणात शिरली तेव्हाच दामूचे कान उभे राहिले. चहा पुढ्यात आला तरी हा गाडीच्या मागच्या चाकाशी वाकलेला.

"जावईबापू, गाडी मागून गुरगुरते."

दर्पण हसला. "मागच्या महिन्यात दमणला दोस्तांबरोबर किनाऱ्यावर नेलती पप्पा. भरती आली, जरा पानी लागलं."

"जरा म्हंजे?"

"अर्धी चाकं."

दामू माझ्याकडे वळला. "ऐकला काय, दादा? मी समुद्राला भिऊन गाडी शिकलो, आनि माझ्या जावयानं गाडीच समुद्रात नेली!"

जेवणं झाली. कोलंबीचं सार होतं, माझ्याकडेही वाटी आली. मग दामू म्हणाला, गोळ्यात खारं पाणी गेलं असणार, तेल बदलून देतो, घरचंच काम आहे. नव्वद नंबरचं तेल त्याच्या मोरीत होतंच. जीप भंगारात जाऊन काळ लोटला, पण तेल आणि पान्यांची पेटी त्याने सोडली नाही. आता त्याचा खांदा वर जात नाही, त्यामुळे खाली शिरायला हिनाच उठली. आईचा जुना गाऊन चढवला, केस बांधले. दर्पण म्हणाला, "अगं, वापीला गॅरेज हाय." ती म्हणाली, "गॅरेजवाल्याला माझ्या बापानं शिकवलंय का?"

मासळीचा जुना टब खाली सरकवला. दामूने पान्यांची पेटी उघडली, एक पाना काढून तिच्या हातात दिला. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग खाली शिरली. मी ओटीवर सुपारी कातरत होतो. आणि थोड्या वेळाने टबात धार पडल्याचा आवाज आला.

मी कातरता कातरता थांबलो. धार म्हणजे खालचा बोल्ट. वरच्याचं काय?

तेल काय बाहेर आलं म्हणता! काळं नाही, दुधाच्या चहासारखं. पाणी पार मिसळलेलं. दर्पणने डोक्याला हात लावला. दामूने बोट बुडवून चोळलं, वास घेतला आणि म्हणाला, "मीठ टाका, कढी झाली." मग हिना खालून म्हणाली, "बाबा, रिंगचा." दामूने सदऱ्याचा खिसा चाचपला, पँटचा चाचपला, मग पेटीत शोधला, आणि शेवटी दिला.

वरचा बोल्ट हलेना.

हिनाने जोर लावला. नाही. दर्पणने शर्ट काढला, पान्याला पाइप लावून लोंबकळला. पाना सटकला, कोपर फुटलं, बोल्ट तसाच. खाऱ्या पाण्याने त्याला पार चिकटवलेला. दर्पणने बोईसरच्या मनीष मेकॅनिकला फोन लावला. तिकडून बँडचा आवाज आणि मनीष, "अरे साहब, शादी में हूँ! कल सुबह आता हूँ, पक्का!"

दामू म्हणाला, "आता डिझेल सोडू बोल्टावर. रातभर मुरू दे. सकाली गरम करू, खुलेल."

"पन पप्पा, माझी सकालची पाळी हाय!"

"मंग तुमी रेल्वेनं जा ना," हिना म्हणाली. "मी गाडी घेऊन येते उद्या. मम्मींना सांगा, औषध लाल डबीत हाय."

हे ती बोलली, पण मी तुम्हाला एक गंमत सांगतो. हे बोलणं व्हायच्या आधीच, दर्पण अजून पाइपला लोंबकळत होता तेव्हाच, हिना हात धुऊन वलांडीशी गेली होती आणि गोधडी काढून घरात घेऊन गेली होती. मी बघितलं ना. माझी ओटी काय उगाच समोर आहे?

दर्पणला रिक्षाने स्टेशनला लावून दिला. जाताना बिचारा दहादा सांगून गेला, सावकाश ये, हायवेला डावीकडून चालव. वाईट काही मनात नाही हो त्याच्या.

त्या संध्याकाळी दामूच्या घरात सगळे दिवे लागलेले. पोरीने भाकऱ्या थापल्या, त्याचा आवाज माझ्या ओटीपर्यंत. मग दोघं पायरीवर बसून कोणकोणाची उणीदुणी काढत हसत होती. मग एकदम गप्प झाली. नलूचं काही निघालं असेल. मी आत जाऊन निजलो. दुसऱ्याच्या घरचं हसणं ऐकावं, गप्प बसणं ऐकू नये.

सकाळी मी उठलो तर दामू दोन कप घेऊन बाहेर बसलेला. दुसरा कप झाकलेला. पोरगी अजून झोपलेली होती आणि हा तिच्या उठण्याची वाट बघत होता. चहा निवत होता, पण त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. तांडेलाला पहिल्या फेरीत पापलेटं लागावीत तसा. तिला उठवायचं म्हणून त्याच्या मनातही नव्हतं.

मग मनीष आला. डोळे लग्नाच्या जागरणाने लाल. बोल्ट गरम केला, हातोडीने दोन ठोके, आणि डिझेलने मुरलेला तो शहाण्यासारखा फिरला. नवं तेल भरलं, वरच्या भोकातून थेंब बाहेर यायला लागले तसा बंद केला. हिनाने गाडी अंगणातून मागे घेतली, माझ्या कुंपणाला न लावता, आणि खिडकीतून हात हलवत गेली. गुरगुर थोडी कमी झाली होती. आणि बघा, वाटभर ती रडत गेली की नाही ते मला ठाऊक नाही, पण आळीच्या वळणापर्यंत तरी हसत होती.

धूळ खाली बसली. मी वाट बघत होतो, आता दामू गोधडीची घडी घालायला आत जाईल. तो गेला नाही. गोधडी आत तशीच पसरलेली, चुरगळलेली, दारातून दिसत होती.

मला राहवेना. मी पलीकडे गेलो, पायरीवर बसलो. म्हटलं, "दामू, एक विचारू? या घरात पोरीला पाढ्यांच्या आधी 'वरचा आधी' शिकवलंय. तरी तिनं खालचा आधी खोलला. वरचा बघितला असता, तर खुलत नाही म्हणून तेल तसंच ठेवून दोघं संध्याकाळी गेले असते. तुझ्या डोळ्यांदेखत तिनं उलटं केलं. तुला दिसलं नाही?"

दामूने लेकीचा कप उचलला, तळाशी उरलेला चहा पिऊन टाकला आणि म्हणाला,

"दादा, दांडा मीच दिलता तिच्या हातात. रिंगचा माझ्या खिशात व्हता. तिनं दांडा बघितला, मंग माझ्याकडं बघितलं. मी गोधडीकडं बघितलं. मंग ती गेली गाडीखाली."