बत्तीस इंची नळी आणि आबांच्या बश्या

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. नंतर तुम्ही हसाल, मी थांबेन, आणि उगाच चहा गार होईल. माणूस परक्या गोष्टीत फसला, तर लोक म्हणतात, बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. मी फसलो ते आमच्या घरच्या काठीत. बोला आता.

दिवस नामांतराच्या आंदोलनाचे. आमचं शहर तेव्हा औरंगाबाद. चिकलठाण्याला दर महिन्याला नवा कारखाना उभा राहत होता आणि शहरात एक दिवसाआड मोर्चा, नाहीतर बंद. मी फर्दापूरकडच्या मेंढपाळाचा पोरगा. आयटीआय करून टर्नर झालो आणि गारखेड्याला खोली घेतली. खोलीत सोबतीला गौतम, तोही टर्नर. शिफ्ट सुटली की तो मोर्चाला जायचा आणि मी त्याची भाजी-भाकरी झाकून ठेवायचो.

माझे वडील, आबा, दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हते. मेंढरं सोडून मशीन धरलं, एवढाच माझा गुन्हा. गावी गेलो की आईला म्हणायचे, "त्याला इचार, जेवतो का." आणि मी तर त्यांच्या समोरच ताट घेऊन बसलेलो असायचो. याची सवय होत नाही हो. शेवटपर्यंत झाली नाही.

आमचे मॅनेजर फौजेतून आलेले, म्हणून सगळे त्यांना कर्नलसाहेब म्हणायचे. हर्सूलच्या पलीकडं माळावर त्यांचा एक छंद चालायचा. एक यंत्र मातीची बशी हवेत भिरकावायचं आणि ती खाली पडायच्या आत बंदुकीनं फोडायची. चांगली भली बशी, आणि ती मुद्दाम फोडायची. आमच्या आईनं पाहिलं असतं तर साहेबालाही सोडलं नसतं.

एकदा कारखान्यामागं मी गोफणीनं बाभळीवर अडकलेला डबा पाडला. साहेबांनी ते पाहिलं. म्हणाले, "पुढच्या महिन्यात कामगारांसाठी स्पर्धा ठेवतोय. तू ये."

मी त्याच दिवशी आबांना पत्र टाकलं, की या बघायला. उत्तर चुलतभावाच्या अक्षरात आलं, पण शब्द आबांचे होते. "येतो. नेम ऱ्हायला का गेला, ते पाहातो." झालं. बक्षीस कुणालाही मिळो. आबांनी माझ्याशी बोलावं, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

साहेबांच्या बंदुकीला दोन नळ्या होत्या, एक अठ्ठावीस इंची आणि एक बत्तीस इंची. हवी ती बसवायची. साहेब म्हणाले, "तुझी तू निवड. नळी लांब असली म्हणजे छर्रा लांब जातो असं समजू नकोस. लांब नळी संथ फिरते, पण ती फिरवायला तसा हात लागतो."

मी ऐकलं कुठं? मेंढपाळाच्या पोराला लांबी शिकवता होय? आमच्यात काठीची रीत ठरलेली आहे. काठी उभी करायची. कानाला लागली तर ती आपली, कमी पडली तर धाकट्या भावाची. मी दोन्ही नळ्या बुटाच्या टोकावर उभ्या करून पाहिल्या. अठ्ठावीस मांडीला आली, बत्तीस कमरेच्या जरा खाली. कानाला एकही पोचली नाही. मग काय, कानाच्या जास्त जवळची घेतली.

साहेब माझ्याकडं पाहतच राहिले. "उंची किती तुझी?"

"पाच फूट एक इंच."

"बिरू, ही काठी नाही."

"व्हय साहेब," मी म्हणालो आणि बत्तीसचीच धरून ठेवली.

त्याच आठवड्यात शहर तापलं. परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करा, असा हुकूम निघाला. साहेबांचीही गेली. आता सराव कशावर करणार? गौतमनं सुपरवायझरला विचारून भंगारातला पाण्याचा पाइप घेतला आणि लेथवर बरोबर बत्तीस इंचाला कापून दिला. कापताना म्हणाला, "अठ्ठावीस करू का लेका? पेलायचा नाय तुला." त्याला मी कानाची रीत समजावली. तो म्हणाला, "मग शिडी बी देऊ का बनवून?"

मी पाइपाला लाकडाचा दस्ता बांधला आणि खिडकीतून कावळ्यांवर नेम धरायला लागलो. समोरच्या काकूंनी ते पाहिलं. असल्या दिवसांत खिडकीतून नळी बाहेर आलेली पाहून बाई काय करणार? तासाभरात हवालदार दारात.

"हत्यार कुठंय?"

मी पाइप दिला. त्यानं एका बाजूनं डोळा लावला. दुसऱ्या बाजूनं त्याला मी दिसलो.

"कुणाचा तू? नामांतरवाला का विरोधातला?"

"साहेब, मी बश्यांच्या विरोधात हाय."

या उत्तरावर ठाण्यात न्यायचीच वेळ आली होती. गौतमनं चहा टाकला, स्पर्धेला बोलावल्याची कर्नलसाहेबांची चिठ्ठी दाखवली, सगळं समजावलं. जाताना हवालदारानं पाइप खांद्याला लावून पाहिला. "लांब हाय रे तुला." त्यालाही मी कानाची रीत सांगितली. म्हणजे पाहा, मॅनेजर, मित्र आणि पोलीस, तिघांनी सांगूनही मी ऐकलं नाही.

वातावरण निवळलं, बंदुका परत मिळाल्या आणि स्पर्धेचा रविवार उजाडला. मी माळावर आधीच गेलो होतो. आबांना एसटी स्टँडवरून आणायला गौतम गेला. दोघं आले ते एका फडक्यातली भाकरी खात, जुनी ओळख असल्यासारखे गप्पा मारत. आबांनी घोंगडी खाली टाकली आणि गौतमला म्हणाले, "त्याला इचार, नीज झाली का."

माझ्या वाट्याला दहा बश्या होत्या. पहिली उडाली. मी नळीचं टोक तिच्यामागं नेलं, तोवर बशी गवतात जाऊन बसली. दुसरीला मी घाई केली, तर नळीनंच मला ओढून नेलं. पाचवीला माझी टोपी पडली. दहावी अगदी सावकाश गेली, तीही सुटली. दहापैकी शून्य. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आबा उठले. मला वाटलं, चालले. पण ते सरळ माझ्याकडं आले.

"ही येवढी लांब कामून घेतली?"

दोन वर्षांनी माझ्याशी बोलले.  मी म्हणालो, "कानाची रीत, आबा. काठी कानाला लागती ती आपली."

"आरं, कानायेवढी काठी टेकायला असती. दिसभर मेंढरापाशी हुभं ऱ्हायचं, थकलं की तिच्यावर भार द्यायचा. फिरवायला कोन घेतं ती? मेंढरू वळवायला हातभर फोक लागतो." मग त्यांनी माझा दंड धरला. "अन् तुही गोफण? तुह्या छातीवर दोरी धरून, माप घेऊन इणली व्हती मी. इसरला?"

विसरलो होतो. अठरा वर्षं ती काठी हाताळली आणि ती कशासाठी असते, हे मला हर्सूलच्या माळावर कळलं. पण तेव्हा लाज वाटली नाही. त्यांचा हात अजून दंडावर होता, मला तेवढंच कळत होतं.

साहेबांनी अठ्ठावीसची नळी बसवली आणि हिशेबाबाहेरची एक बशी सोडली. मी घोडा दाबला. बशीचा एक टवका उडाला.

"नेम ऱ्हायलाय," आबा म्हणाले. "थोडा."

जेवणं झाल्यावर ते गवतात शिरले आणि माझ्या चुकलेल्या बश्या शोधून घोंगडीत बांधू लागले. दगडावर पडून एक फुटली होती, बाकी नऊ धड. मी विचारलं, "आबा, गावात काय सांगाल?"

"खरं तेच सांगन."

त्यांनी ते सांगितलंही. पुढं कितीतरी वर्षं आमच्या अंगणात कोंबड्या त्या बश्यांतून पाणी प्यायच्या. नवा पाहुणा आला की आबा त्याला एकेक बशी दाखवायचे आणि मोठ्या कौतुकानं म्हणायचे, "ह्या नऊच्या नऊ बश्यांवर माह्या बिरूनं बंदुकीनं नेम धरला व्हता. म्हनून तर शाबूत हायेत."