दाराआडचा डबा

त्या दिवशी सकाळी आठ वाजले तरी शुक्रवार पेठेतल्या पिठाच्या चक्कीचं शटर खाली होतं. मी नेहमीसारखी धान्य निवडायला गेले होते. शेजारच्या किराणावाल्यानं सांगितलं, चक्कीवाल्या आण्णांच्या लेकीचा बार्शीहून फोन आला होता, आण्णा पहाटे गेले... मी थोडा वेळ पायरीवर बसले आणि घरी आले. त्याला आता दीड महिना झाला.

आण्णांकडं मी अठरा वर्षं धान्य निवडलं, पण ओळख त्याआधीची, दाराआडच्या डब्यामुळं झालेली. त्यांच्या वडिलांपासूनची रीत होती. दळण झालं की गिऱ्हाइकानं मूठभर पीठ त्या डब्यात टाकायचं, आणि ज्याच्या घरी नसेल त्यानं न विचारता न्यायचं. माझा नवरा अंथरुणाला खिळला त्या वर्षी आमच्या भाकरी त्याच पिठाच्या. मी दाराशी आले की आण्णा पाठ फिरवून चक्कीचा पट्टा तपासायचे. पट्टा इतक्यांदा तपासावा लागतो, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

मग त्यांचा मुलगा विलास चक्कीत बसू लागला. चांगली गोष्ट अंधारात कशाला, म्हणून त्यानं डबा पुढं ट्यूबलाइटखाली मांडला आणि वर 'गरजूंसाठी' अशी पाटी लावली. मूठ टाकणारे वाढले. मी मात्र दोनदा रस्त्यावरूनच परत फिरले. घरी पोरांना कण्या शिजवून घातल्या, त्याही संपत आल्या. पंधरा दिवसांनी भरल्या डब्यात अळ्या झाल्या, तेव्हा आण्णांनी पाटी काढली आणि डबा जागेवर नेला. विलासनंच हे मला पुढं सांगितलं. आण्णा त्याला एवढंच म्हणाले होते, "हितं कशापायी ठेवलाय ते आदी इचारायचं की. मग हलवायचं."

म्हातारपणी त्यांची नजर गेली, तेव्हा दुपारी मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. माझी शाळा चौथीपर्यंतची. जोडाक्षराला मी अडखळले की ते शांतपणे थांबायचे. निवडणुकीत उमेदवार आला आणि सगळं बदलून टाकू म्हणाला की आण्णा विचारायचे, "आन् ठेवणार काय?" तो हसायचा, आण्णा हसायचे नाहीत. गल्लीतलं गल्लीनं बघावं, सरकारकडं तोंड करून बसू नये, असं त्यांचं मत. माझ्या नवऱ्याचं औषध सरकारी दवाखान्यातनंच येत होतं, पण ते मी कधी बोलले नाही.

बाईनं चक्की चालवायची नाही, पट्ट्यात पदर जातो, हाही त्यांचाच नियम. पट्ट्याला जाळी बसली तेव्हा मी धीर करून म्हणाले, "आण्णा, आता पदर कुटं अडकतोय?" नवव्या दिवशी ते चक्कीपुढच्या स्टुलावरून उठले आणि म्हणाले, "बस की."

त्यांच्या लेकीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हा मात्र तीन वर्षं त्यांनी तिला घरात घेतलं नाही. असं का, म्हणून मी एकदा विचारलं. प्रत्येक गोष्टीचं कारण सांगणारा माणूस... त्या दिवशी त्यांनी मला पेपर पुढं वाचायला सांगितलं. शेवटी ते तिच्याच घरी गेले.

परवा विलास सुताराला घेऊन आला. दर्शनी बाजूला काच, आत पाकिटबंद पिठाचं शोकेस, भिंतीपासून भिंतीपर्यंत. जुनं दार काढायचं होतं. मी चौघांत बोलणारी नाही. तरी म्हणाले, "विलासभाऊ, आन् ठेवणार काय?"

त्यानं दाराआड डोकावून डब्याकडं बघितलं. मग सुताराला म्हणाला, "दार ऱ्हाऊ दे. शोकेस दोन फूट अलीकडनं घ्या."

डबा आहे तिथंच आहे. मी फक्त त्याला झाकण केलंय, अळ्या होऊ नयेत म्हणून. काल दुपारी चक्की चालू असताना दारात कुणाची तरी सावली आली. मी पाठ फिरवली आणि पट्टा तपासत राहिले, झाकण परत लागल्याचा आवाज येईपर्यंत.