चूक माझी, दगडाची नाही

रायभान गेल्याचा निरोप त्याच्या गावाहून, हिंगणीहून आला तेव्हा मला रडू आलं नाही, संताप आला. अरे, परदेशातून उत्तर यायचं होतं ना! चार दिवसांच्या तापानं माणूस असा जातो?

आम्ही दोघं वर्ध्याच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेत कामाला. शिशाच्या खनिजाच्या शिरा लाव्हाच्या खडकात सापडतात, म्हणून शिसंही लाव्हातलंच, असं आमचे विभागप्रमुख शिकवत. रायभानला ते पटेना. "भाड्यानं राह्यते म्हणून माणूस त्या घरातला होते का?" तो म्हणे. शिसं खालच्या जुन्या खडकातून वर आलं, हा त्याचा हेका. शिशाचे हलके-जड अणू किती, हे मोजलं की त्याचं मूळ कळतं; पण तसं यंत्र परदेशात. त्यानं खनिज आणि लाव्हाच्या दगडाची पूड, दोन्ही पाठवली. उत्तर आलं, दोन्हींतलं शिसं जवळपास सारखंच! साहेब खूश. रायभान मात्र एकच घोकत राहिला, "लाव्हाच्या दगडात इतकं शिसं असूच शकत नाई…"

रविवारी तो घरी गेला आणि ज्या पितळी पातेल्यात पूड धुऊन खरवडली होती, ते उलटंपालटं करून पाहू लागला. चकचकीत कल्हई! बाजारच्या कल्हईत शिसं मिसळतात, हे त्याला ठाऊक होतं; खरवडताना तेच पुडीत उतरलं होतं.

"माय, हे कधी केलं?"

"तुह्याच कामासाठी केली ना रे. परदेशात जाणारी वस्तू मळक्या भांड्यात काऊन धुवायची?"

पातेलं जागेवर ठेवून तो वर्ध्याला परतला आणि मला सगळं सांगितलं. मी समजावलं, "लेका, चूप राह्य. नोकरी जाईन." कसला ऐकतो! दुसऱ्याच दिवशी साहेबांसमोर उभा. साहेब म्हणाले, "हरलात म्हणून सबबी. तुम्हा लोकांना घाईच फार." 'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणाला, ते आम्हा दोघांनाही कळलं. रायभान शांतपणे म्हणाला, "चूक माझी आहे सर. दगडाची नाही." मग काचेच्या भांड्यात नवी पूड धुऊन त्यानं पुन्हा पाठवली, सोबत स्वतःची चूकही लिहून.

उत्तर आलं ते तो गेल्यावर तीन आठवड्यांनी. दोन्हींतलं शिसं वेगळं. खनिजातलं शिसं लाव्हातलं नव्हतंच.

साहेबांनी मला लेख टाइप करायला सांगितला, विभागाच्या नावानं. "गेलेल्या माणसाचं नाव कशाला?"

मी म्हणालो, "सर, चूक होती तेव्हा नाव त्याचंच होतं ना?"

मी पहिल्या ओळीत रायभानचं नाव टाइप केलं, खाली त्याची चूक त्याच्याच शब्दांत आणि मग उत्तर. साहेबांनी सही केली नाही. मी लेखाचं पाकीट स्वतः पोस्टात नेऊन टाकलं. आता मला काढायचं तर खुशाल काढा.