डिर्क-सान आणि सीझनचा शेवटचा दिवस

आधीच सांगतो, माझं शिक्षण नववीपर्यंतच झालंय. ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधी जमलं नाही आणि शब्दही साधेच येतात. चुका दिसल्या तर हसा आणि पुढे वाचा.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठेपेठेत फुटबॉल टीम असते, त्यातूनच खेळत खेळत इथपर्यंत आलो. आता जपानमध्ये नागोयाजवळच्या एका छोट्या क्लबचा गोलकीपर आहे. खालची लीग, त्यामुळे सकाळी प्रॅक्टिस आणि दुपारी गाड्यांचे पार्ट बनवायच्या कारखान्यात काम. क्लब आणि कारखाना, दोन्हीचे मालक एकच. मराठी मंडळाच्या जोशी वहिनी म्हणाल्या, "अरे, त्या डच म्हाताऱ्याच्या गोष्टी तू जेवताना सांगतोस ना, त्याच अंकासाठी लिही की!" तो डच म्हातारा म्हणजे आमचे मॅनेजर, डिर्क-सान. इथलं 'सान' म्हणजे आपलं 'राव'.

अशा गोष्टी कुणी जमवत नाही, त्या साठतात. एक बसमध्ये कळते, दुसरी आंघोळीला जाताना कुणाला तरी आठवते. यंदा आमच्या क्लबचे पॉइंट कमी जमले आणि किस्से जास्त!

*

डिर्क-सान सत्तरीच्या पुढचे. हॉलंडमधल्या एका बंदरगावात वडील फेरीबोट चालवायचे. स्वतः डिफेंडर होते, पण गुडघा लवकर गेला आणि तरुणपणीच कोच झाले. मग हॉलंड, ग्रीस, आखाती देश, आफ्रिका करत करत जपान.

पहिल्या मीटिंगला त्यांनी आपली ओळख स्वतःच करून दिली. म्हणाले, "बुडायला आलेले क्लब मला बोलावतात. काही मी वाचवले. पण प्रत्येक ठिकाणहून मला मध्येच काढलं. सीझनचा शेवटचा दिवस मी नेहमी घरी सोफ्यावर बसून बघितलाय. एकदा तरी तो मला बेंचवर बसून बघायचाय. बास, एवढंच माझं टार्गेट."

आमचे दुभाषी होशी-सान. त्यांनी जपानीत भाषांतर केलं, "मॅनेजर म्हणतात, सर्वांनी मिळून प्रयत्न करूया."

डिर्क-साननी विचारलं, "मी एवढं बोललो, तुमचं एका ओळीत कसं झालं?"

होशी-सान म्हणाले, "बाकीचं सगळ्यांना तुमच्या चेहऱ्यावरून कळलं!"

*

काढून टाकल्याच्या गोष्टी ते इतक्या अभिमानानं सांगायचे की ऐकताना वाटावं, मेडलच दाखवतायत. सगळ्यात भारी आखातातली.

हाफटाइमला मालक ड्रेसिंग रूममध्ये आला आणि म्हणाला, "तुम्हाला काढलंय." टीम दोन गोलनी मागे होती. डिर्क-सान म्हणाले, "ठीक आहे. फक्त कॉर्नर कसा घ्यायचा ते पोरांना सांगून जातो." सांगितलं, बॅग घेतली आणि टॅक्सीत बसले. दुसऱ्या हाफमध्ये टीमनं तीन गोल मारले, तिन्ही कॉर्नरवर! मालकाचा फोन आला, "परत या!"

"मग गेलात का?" आमच्या कॅप्टननं, मोरिता-साननी विचारलं.

"टॅक्सीवाला नाही म्हणाला. त्याचा मुलगा समोरच्या टीममध्ये होता!"

*

एकदा मॅचच्या आधी डिर्क-साननी बोर्डावर प्लॅन काढला. चार मागे, चार मध्ये, तीन पुढे. आणि गोलकीपर मी. म्हणजे बारा माणसं! मी मोजलं, सगळ्यांनीच मोजलं असणार. पण जपानमध्ये साहेबांना चारचौघांत चूक दाखवत नाहीत. आणि मी तर कुठल्याही देशात दाखवत नाही.

"काही शंका?"

सगळे एका सुरात, "हाय!" म्हणजे, "कळलं!"

आम्ही मैदानावर गेलो. आमच्यात न बोलता ठरलं. मोरिता-साननी सगळ्यात ज्युनियर पोराकडे बघितलं, तो गुपचूप बाटल्या उचलायला गेला आणि आम्ही अकरा उभे राहिलो.

डिर्क-सान हसत हसत गवतावरच बसले. त्यांनी मुद्दाम काढले होते बारा! म्हणाले, "ग्रीसमध्ये हेच केलं तर सगळ्यांनी मिळून मला गाढव म्हटलं. तुम्ही का नाही म्हटलं?"

मोरिता-सान उठून उभे राहिले आणि वाकून म्हणाले, "आम्ही नंतर, एकेकटे म्हणणार होतो."

*

डिर्क-सान प्रॅक्टिसला सायकलनं यायचे. नागोया हे गाड्यांचं गाव, त्यात आमच्या क्लबच्या मालकांचा धंदा गाडीच्या पार्टचा. होशी-सान रोज विनवायचे, "निदान कारखान्याच्या गेटवरून तरी सायकलनं येऊ नका!" पण हॉलंडचा माणूस ऐकतोय होय.

एकदा पोलिसानं अडवलं. इथे सायकलचीही नोंदणी असते आणि नंबर तपासतात. पोलिसानं विचारलं, "काम काय करता?"

"फुटबॉल मॅनेजर."

"कुठल्या क्लबचे?"

यांनी क्लबचं नाव सांगितलं. पोलिसानं नंबर न बघताच सायकल परत दिली, सॅल्यूट ठोकला आणि म्हणाला, "खूप कठीण असेल. धीर धरा."

*

आता माझा किस्सा. मी लाजाळू माणूस, आणि गोलकीपरचं अर्धं काम ओरडायचं. त्यातून माझ्या पुढे उभे मोरिता-सान, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. त्यांना नुसतं 'मोरिता' कसं म्हणायचं? आपल्याकडेही नाही म्हणत. मग माझं चालायचं, "मोरिता-सान, माफ करा, जरा डावीकडे…" तेवढ्यात बॉल जाळ्यात!

डिर्क-साननी मला बाजूला घेतलं. "तू आजवर कुणावर तरी ओरडला असशील ना?"

मी खूप विचार केला. "म्हशींवर. आमच्या घरी चार होत्या."

"तेव्हा काय ओरडायचास?"

मी हळूच सांगितलं.

"असं नाही. म्हैस तिकडे लांब आहे असं समज."

मी छातीत हवा भरली आणि ओरडलो, "हल्याऽऽऽ!" शेजारच्या बेसबॉलच्या मैदानावर खेळ थांबला. मोरिता-सान आपोआप डावीकडे सरकले.

"सापडलं!" डिर्क-सान म्हणाले.

तेव्हापासून आमचा सगळा डिफेन्स 'हल्या'वर चालतो. पुढे एकदा मोरिता-साननी मला विचारलं, "हा शब्द तुमच्याकडे कुणासाठी वापरतात?"

रेड्यासाठी, असं कसं सांगणार? मी म्हटलं, "अंगात खूप ताकद असलेल्यासाठी." ते वाकून थँक्यू म्हणाले. खोटं नाही ना बोललो?

*

गणपतीत जोशी वहिनींनी डिर्क-सानना मंडळात बोलावलं. ते सूट घालून आले. उकडीचे मोदक सहा खाल्ले, आणि आरतीला टाळ्यांचा ठेका असा धरला की वहिनींचा मुलगा ओम जपानीत म्हणाला, "आजोबा आपल्यापेक्षा बरोबर वाजवतायत."

मग त्यांनी वहिनींना सगळं नीट विचारून घेतलं. "म्हणजे याला वाजतगाजत आणायचं?"

"हो."

"खायला घालायचं, गाणी म्हणायची?"

"हो, रोज."

"आणि मग पाण्यात सोडायचं?"

"हो. इथे नदीत चालत नाही, म्हणून टबात."

"आणि ही तारीख त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते?"

"अर्थात!"

डिर्क-साननी हात जोडले. "जगातलं सगळ्यात चांगलं कॉन्ट्रॅक्ट! मला कुणी तारीखच सांगितली नाही हो कधी!"

सगळे खूप हसले. मी मात्र थोडंच हसलो, कारण त्या आठवड्यात आम्ही लागोपाठ चौथी मॅच हरलो होतो.

*

आणि पाचवीही हरलो. मालकांनी त्यांना कारखान्यातल्या ऑफिसात बोलावलं. दुपारची शिफ्ट होती, आम्ही अर्धी टीम मशीनवर. काचेतून त्यांचं फक्त डोकं दिसत होतं.

ते बाहेर आले तेव्हा होशी-सान धावले. "काय झालं? ओरडले का?"

"नाही. हिरवा चहा दिला. दोनदा माझी माफी मागितली. दारापर्यंत सोडायला आले." डिर्क-साननी टोपी घातली. "ग्रीसमध्ये मालकानं माझ्यावर खुर्ची फेकली, तिथे मी पुढे सहा महिने टिकलो. इथे आपलं संपलंय."

खरोखरच संपलं होतं. नवीन माणसाशी बोलणीही सुरू होती. शिफ्ट सुटल्यावर मोरिता-सान तेलकट कपड्यांतच मालकांच्या ऑफिसात गेले, आणि त्यांच्या मागे आम्ही सगळे. मोरिता-सान वाकले, आम्ही वाकलो. मोरिता-सान म्हणाले, "क्लब खाली गेला तर तो आम्ही घालवला असेल. पण शेवटच्या दिवशी ते बेंचवर पाहिजेत."

मालकांनी काचेतून मशीनकडे बघितलं. मग एवढंच म्हणाले, "मशीन बंद केलीत ना?"

आम्ही त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. पुढे सातपैकी चार मॅच जिंकलो.

*

शेवटचा दिवस उजाडला. मैदान आमचं. बरोबरी झाली तरी लीगमध्ये राहणार, हरलो तर खाली. आणि डिर्क-सान बेंचवर! सूट तोच, गणपतीला घातलेला.

एक-एक अशी बरोबरी होती आणि दहा मिनिटं राहिली होती. बॉल आमच्या बेंचसमोरून बाहेर गेला. लाइन्समननं झेंडा दाखवला, थ्रो आमचा. आमचे लोक टाळ्या वाजवायला लागले. तेवढ्यात डिर्क-सान ओरडले, "नाही! थ्रो त्यांचा!"

रेफ्रीला कळेना. त्यानं होशी-सानकडे बघितलं. होशी-सान आयुष्यात पहिल्यांदा भाषांतर करायचं विसरले.

डिर्क-साननी बॉल उचलला, रेघ ओलांडून मैदानात गेले, समोरच्या टीमच्या पोराच्या हातात दिला आणि कुठून टाकायचा ती जागाही बोटानं दाखवली. पहिल्या हाफमध्ये त्यांना एक यलो कार्ड मिळालेलंच होतं, दुसरं म्हणजे लाल. रेफ्री पळत आला. मला लांबूनही कार्डाचा लाल रंग दिसला.

मोरिता-साननी दोन्ही हातांनी डोकं धरलं. समोरच्या मॅनेजरनं टोपी काढली आणि वाकला. डिर्क-साननी सगळ्यांना हात केला आणि ते आत निघून गेले. थ्रो त्यांना मिळाला. त्यावरून कॉर्नर झाला. तो मी दोन्ही मुठींनी बाहेर मारला.

पुढचं आम्हाला तिकीट खिडकीवर पार्ट-टाइम करणाऱ्या मुलीकडून कळलं. डिर्क-सान मागच्या गेटनं बाहेर पडले, स्टेडियमला वळसा घालून खिडकीवर आले आणि म्हणाले, "एक तिकीट."

ती म्हणाली, "पाचच मिनिटं राहिलीत."

"माहीत आहे."

"पैसे मात्र पूर्ण पडतील." मग तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "वय किती? ज्येष्ठांना सवलत आहे."

त्यांनी ओळखपत्र दाखवलं आणि सवलत घेतली. गेटवरच्या माणसानं तिकीट फाडलं आणि वाकून म्हणाला, "मॅचचा आनंद घ्या!"

मी गोलमध्ये उभा. मागून टाळ्या ऐकू आल्या म्हणून वळलो, तर जाळीच्या पलीकडे, आमच्या पाठीराख्यांच्या मधोमध डिर्क-सान! मॅच कमिशनर धापा टाकत पोचले. "तुम्हाला बाहेर काढलंय!"

"मॅनेजरला काढलंय. मी प्रेक्षक आहे."

कमिशनरनी तिकीट घेतलं, उलटसुलट बघितलं, परत दिलं. मग म्हणाले, "खेळाडूंना सूचना देता येणार नाहीत."

डिर्क-साननी तोंडावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

शिट्टी वाजली. एक-एक. आम्ही राहिलो! सगळे मधल्या वर्तुळाकडे पळाले. मी एकटाच उलटा पळालो, जाळीपाशी गेलो आणि ओरडलो, "संपली! डिर्क-सान, मॅच संपली!"

त्यांचा हात अजून तोंडावरच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोल्हापूरला वडिलांना फोन केला आणि हे सगळं सांगितलं. आबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "ते असू दे. थ्रो कुणाचा होता रं?"

"त्यांचाच होता, आबा."

"मग झालं तर."

फोन ठेवला आणि ग्राउंडवर गेलो. सुट्टी होती. तरी सगळे आले होते.