व्हायोलिनचं बटण

माझ्या मावशीच्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती एका थिएटरात साउंड सांभाळते. कानाला हेडफोन लावून सव्वीस वर्षं झाली. समोरच्या मिक्सरवर प्रत्येक वाद्याचं एक सरकतं बटण असतं. वर नेलं की आवाज वाढतो, खाली ओढलं की कमी होतो. फोनवर मी नुसतं "हॅलो" म्हटलं तरी ती विचारते, "कोणाशी वाजलं गं?"

अशा तिखट कानांच्या बाईने एक मोठी चूक केली. ती तिनेच मला सांगितली.

त्यांच्या वाद्यवृंदातल्या व्हायोलिनवाल्याचा हात थरथरायला लागला होता. गज तारेवर टेकला की एक बारीक कापरा सूर यायचा. लोकांना तो कळायचा नाही, हेडफोनात लख्ख कळायचा. मावशीने त्याचं बटण हळूच खाली ओढलं आणि शेजारच्याचं वर नेलं. पुढच्या कार्यक्रमातही तेच. सहा महिने तिने त्याला असं सांभाळून घेतलं. चूक ऐकू आली नाही म्हणजे ती नाहीशी झाली, असं साउंडवाल्यांना वाटतं.

एका दुपारी तालमीनंतर ती वायरी गुंडाळत असताना तो जवळ येऊन उभा राहिला.

"ताई, तुम्ही माझा आवाज बंद करता ना?"

"बंद नाही रे. जरासा कमी."

"मला वाटलं, मी असलो काय, नसलो काय, सारखंच. चार महिने धड झोप नाही. वाजवायला बसलो की छाती धडधडते. परवा पुलावर किती वेळ उभा होतो, मलाच माहीत नाही."

मावशीने वायरी तिथेच टाकल्या. त्याच दुपारी ती त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, बरं वाटेल, पण तीन महिने स्टेज नको.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाआधी सगळे जमले असताना मॅनेजरने हे ऐकून हात झटकले. "दुसरा बघतो. कलाकार म्हटलं की थोडी चक्रमगिरी असायचीच."

"चक्रमगिरी नाही, आजार आहे. बदली माणूस आणा, पण तीन महिन्यांपुरता. खुर्ची त्याचीच."

"आणि नाही ठेवली तर?"

मावशीने हेडफोन काढून त्याच्या हातात दिले. "मग आजचा साउंड तुम्हीच करा."

ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या. ट्रम्पेटवाला उठून उभा राहिला. मॅनेजरने मिक्सरवरच्या चाळीस बटणांकडे पाहिलं आणि मुकाट्याने मान डोलावली. मला तो माणूस कधीच आवडला नाही, आणि आवडून घ्यायचाही नाही.

तेव्हापासून कार्यक्रमाआधी आवाज तपासताना मावशी प्रत्येकाला विचारते, "झोप झाली का?" डॉक्टरांचा नंबर तिने मेकअपच्या आरशावर चिकटवलाय. मॅनेजरने तो दोनदा काढला. तिसऱ्यांदा तिने असा गोंद लावला की आता काढायचा तर आरसाच फोडावा लागेल.

तीन महिन्यांनी व्हायोलिनवाला परतला. त्या दिवशी मी मावशीच्या शेजारी बसले होते. गज टेकला आणि तो कापरा सूर आला. आधीपेक्षा कमी, पण आलाच.

मॅनेजर मागून कुजबुजला, "त्याला जरा खाली घ्या."

मावशीने व्हायोलिनच्या बटणावर बोट ठेवलं आणि ते वर सरकवलं.

"ऐकू दे की लोकांना," ती म्हणाली. "वाजवतोय तो."