चहाचा प्रवेश

माझी धाकटी दहावीत असताना तिच्या शाळेतल्या मुलांनी नशेविरुद्ध एक गट काढला आणि त्याचं पुढारीपण तिने आपणहून अंगावर घेतलं. नावाला एक बाई होत्या, बाकी सगळा कारभार पोरांचा. चारकोपच्या सेक्टरांमध्ये पथनाट्य करायचं, इतर शाळांत जाऊन बोलायचं, पोस्टरं रंगवायची. बोर्डाचं वर्ष म्हणून मी थोडी आरडाओरड करून घेतली. पण हा विषय आमच्या घरात पुस्तकातून आलेला नव्हता, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं, त्यामुळे माझ्या ओरडण्यात फारसा दम नव्हता.

तिचा दादा तिच्याहून बराच मोठा. तो पावडरच्या नादाला लागला, त्यात नोकरी गेली, मग व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. शेजारी आम्ही सांगितलं होतं की तो कामासाठी नाशिकला होता. शेजाऱ्यांनी एकही उलटा प्रश्न विचारला नाही, यावरूनच त्यांना सगळं माहीत होतं हे कळत होतं. आता तो सुधारला होता. सुधारलेला माणूस किती कटकट करतो, हे मला तेव्हा समजलं. भाजीत मीठ कमी, पंख्याचा आवाज फार, बहिणीने चार्जर पळवला. दिवसभर नुसती भुणभुण. मी कावून जायचे आणि मनातून सुखावायचे.

तालमी आमच्या सोसायटीच्या मधल्या चौकात चालायच्या, अगदी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. नशेबाजाचं काम एका चष्मेवाल्या मुलाकडे होतं. इतका गरीब स्वभावाचा की पाणी मागायलाही लाजायचा. तो हातपाय सोडून झुलायचा, डोळे फिरवायचा आणि आईच्या अंगावर धावून जायचा. आईचं काम माझ्या मुलीकडे.

एका संध्याकाळी माझा मुलगा खिडकीत उभा राहून हे बघत होता. बघता बघता हसायला लागला. "हा तर दारुडा झाला यार," म्हणाला आणि चपला अडकवून थेट चौकात गेला. मी गॅस बारीक करून खिडकीशी आले.

"असं कोण झुलतं रे?" तो त्या मुलाला म्हणाला. "सरळ उभा राहा. आधी केस विंचर. आता आईकडे जा. ओरडू नको. ओरडणारा पोरगा बरा असतो. ज्याला लपवायचंय ना, तो गोड बोलतो. तिच्या हातातली पिशवी घे आणि म्हण, आई, तू बस, मी चहा करतो."

चष्मेवाल्याने तसं म्हटलं.

"अजून प्रेमाने. आणि तिच्याकडे बघून. ते प्रेम खोटं नसतं रे. त्या वेळी खरंच तेवढं वाटत असतं."

मुलीने खिडकीकडे पाहिलं. मी घाईघाईने कुकरचं झाकण लावायला घेतलं.

नाटकातली ही जागा पोरांमध्ये 'चहाचा प्रवेश' म्हणून प्रसिद्ध झाली. दिंडोशीच्या एका वसाहतीत प्रयोग झाला तेव्हा मुलगा आणि मी मागे उभे होतो. चष्मेवाल्याने ते वाक्य म्हटलं आणि पुढे बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने पदर तोंडाला लावला. माझा मुलगा छाती फुगवून बघत होता. "कप नीट धरत नाही," एवढी खोड मात्र काढलीच. परत येताना त्याने रिक्षावाल्याशी हुज्जत घातली, वडापाव थंड म्हणून चिडला. त्या दिवसाइतकी खूश मी त्यानंतर कधीच नव्हते.

थंडी सुरू झाली होती. एका दुपारी ऑफिसातून जरा लवकर आले. दार त्याने उघडलं. केस नीट विंचरलेले होते. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "आई, तू बस, मी चहा करतो."

मी बसले. आतून आलं ठेचल्याचा आवाज येत होता. चहा फक्कड झाला होता. तो समोर बसून माझ्या गुडघ्यांची चौकशी करत होता, डॉक्टरकडे मी नेतो म्हणत होता. मला कळायचं ते कळलं होतं. पण तो ज्या मायेने माझ्याकडे बघत होता ती खोटी नाही, हेही मला त्यानेच शिकवलं होतं. मी सगळा चहा प्यायले. कळूनही कशी प्यायलीस, असं मला नंतर माझ्या बहिणीने विचारलं. तिला म्हटलं, तू त्या खुर्चीत बसली नव्हतीस.

मुलगी क्लासवरून आली आणि दारातच थांबली. तिने दोन कप पाहिले, त्याचे केस पाहिले.

"दादा," ती म्हणाली, "आज भाजीत मीठ कमी नव्हतं का रे?"

"नाही गं. मस्त झाली होती."

ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली.

संध्याकाळी हे आले. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "माका ठावक आसा." मग पेपर उघडून बसले, पण पान काही उलटलं नाही. त्याला पुन्हा केंद्रात न्यायचं ठरलं. तोही हो म्हणाला, गोडच म्हणाला. जायच्या आदल्या दुपारी 'येतो गं आई' म्हणून बाहेर पडला आणि परत आला नाही. तिसऱ्या दिवशी रुग्णालयातून फोन आला. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

मी रडले नाही. रडूच येईना. गावाहून आलेल्या नणंदा घाबरल्या, तिला रडवा, तिला रडवा म्हणून एकमेकींना सांगत राहिल्या. ज्याला बोलायचं त्याने बोलून पाहिलं. मी आपली चादरींच्या घड्या घालत होते.

मग एके दिवशी शाळा सुटल्यावर तो गट आला. सगळे गणवेशात, चटईवर अंग चोरून बसलेले. पथनाट्यात घसा फोडून ओरडणारी पोरं आता चटईच्या काड्या उपसत होती. पाहुण्यांना चहा विचारायचा या सवयीने मी उठले, तर तो चष्मेवालाही धडपडत उठला.

"काकी, तुम्ही बसा, मी चहा करतो."

बोलला आणि त्याच्याच लक्षात आलं. पोरं खाली बघायला लागली. माझी मुलगी त्याला अडवायला पुढे आली. मी तिचा हात धरला.

"कर रे बाळा," मी म्हटलं. "आलं ठेचून घाल."

तो आत गेला. थोड्या वेळाने आतून ठेचण्याचा आवाज यायला लागला, आणि मग मला रडू आलं.